स्लोपवरचा पहिला बर्फ

५ जानेवारी, सोमवार

इतिहास लिहायचाय म्हणे. कोणाचा? तर आमच्या स्लोपचा! मॉलच्या तळमजल्यावर एक बर्फाचा उतार, स्कीवाल्यांना वर नेणारा एक सरकता पट्टा, कोपऱ्यात बच्चेकंपनीची घसरगुंडी – आणि याचा इतिहास. दहा वर्षं होतायत. ३० तारखेला, शुक्रवारी कार्यक्रम, दाराशी मोठा फलक, इंग्रजी आणि अरबी. मॅनेजरबाई म्हणाल्या, तसनीम, तू छान लिहितेस. मी ईमेल बरे लिहिते, एवढ्यावर.

घरी सांगितलं. माझा नवरा रमीज हसला, "वाळवंटातल्या बर्फाचा इतिहास? एका ओळीत उरकेल." अब्बा ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. व्हिजिट व्हिसावर आल्यापासून भाजी निवडणं त्यांनी स्वतःकडे घेतलंय. त्यांचा हात थांबला.

"त्या पयल्या बर्फाचा पण लिवणार काय?"

"बघू," म्हटलं. आशेने विचारलं असणार. माझ्या अंगावर काटाच आला.

७ जानेवारी

इथे तरी लिहून ठेवते. इथे कोण वाचणार!

स्लोपचं उद्घाटन होतं त्या दिवशी सकाळी बर्फाचं मशीन बंद पडलं. बडे पाहुणे यायचे होते. इंजिनीअर परदेशात फोन लावत बसले. रहमानभाई तेव्हा तिथे चटया अंथरायच्या कामावर होते. आता ते सगळ्या स्लोपचे सुपरवायझर आहेत. अल मन्सूरा वस्तीत ते आणि अब्बा एका खोलीत राहायचे, म्हणून त्यांनी अब्बांना फोन केला.

अब्बा बर्फाची गाडी चालवायचे. मदिनत अश शमालकडच्या मच्छीमार बोटींना, मासळीवाल्यांना चुरा केलेला बर्फ पोचवायचा, हे त्यांचं काम. मालकाच्या हातापाया पडून त्यांनी गाडीमागून गाडी आणली. सगळ्यांनी फावड्याने बर्फ पसरला. दुपारी फीत कापली, पोरं नाचली. हामूर मासा ज्यात ठेवायचा त्या बर्फावर! तो सगळा हिवाळा मशीन रुसलं की मागच्या दाराला अब्बांची गाडी लागायची.

मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होते. अब्बा फोनवर हसत सुटले होते, "आज शेखांची पोरां आपल्या बर्फात लोळली गे!" मी मैत्रिणींना सांगितलं नाही. सांगायचं तर गाडीत काय असतं तेही सांगावं लागलं असतं.

लग्न होऊन इथे आले, नोकरी मिळाली, तीही रहमानभाईंनी अब्बांखातर शब्द टाकला म्हणून. अब्बा गावी परतले नव्हते तोवर कधी कामावर सोडायला यायचे. गाडी कितीही धुवा, वास राहायचाच. मी एक सिग्नल आधीच उतरायचे – "पाय मोकळे होतात." पुढे पुढे अब्बा न सांगता तिथेच थांबवायला लागले.

सासरच्यांना मी सांगितलंय, अब्बा कोल्ड स्टोरेज कंपनीत होते. तसं पाहिलं तर खोटं नाही.

१२ जानेवारी

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाही.

मीटिंग होती. रहमानभाई अगदी भोळेपणाने बोलून गेले, "मॅडम, पहला स्नो तो मछली की गाडी में आया था!" मग नमिता – आमची मार्केटिंगची, पुण्याची, मनाने लाख चांगली – नाक दाबून म्हणाली, "ईऽऽ! म्हणजे मुलं माशाच्या बर्फात खेळली?" सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण मॅनेजरबाईंना ती गोष्ट आवडली! म्हणाल्या, हे फलकावर हवंच, लोकांना असलं आवडतं, त्या ड्रायव्हरला शोधा, कार्यक्रमाला बोलवा, त्याचा सत्कार करू.

रहमानभाई माझ्याकडे बघत होते. मी लॅपटॉपवरची नजर न उचलता म्हटलं, "तो माणूस कधीच परत गेला असेल. आता कुठे सापडणार?"

तो माणूस त्या वेळी मुऐदरला माझ्या घरी माझे कपडे वाळत घालत होता.

बाई रहमानभाईंना म्हणाल्या, तरी बघा, एखादा फोटो मिळाला तर. नमिता बाहेर येऊन म्हणाली, "अगं, गंमत केली, तुला राग नाही ना आला? तू मासे खातेस म्हणून म्हटलं." मला कशाचा राग येणार! चोर तो चोर आणि वर शिरजोर कशी होऊ?

१३ जानेवारी

अब्बांनी सुरमई केली होती. मला घास उतरेना. म्हणाले, "काटा लागला काय?" हो म्हटलं.

१८ जानेवारी

अब्बा माझ्या लेकीला, हनियाला, गोष्ट सांगत होते. मी दाराआडून ऐकली.

"एक डायवर होता. त्याची गाडी बर्फाची. एक दीस त्याला फोन आला, यल्ला यल्ला, लवकर ये..."

हनियाला मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की इंग्रजी. "वॉज ही युअर फ्रेंड, नाना?"

"होता वळखीचा."

नाव सांगितलं नाही. म्हातारपणी माणूस स्वतःविषयी बोलायला लाजतो. ते फलकावर छापून आलं की मग सांगणार असतील. असं मनात आलं आणि मी दाराआडून निघून गेले.

२२ जानेवारी

रोज विचारतात. "लिवून झाला काय?" आज मी खेकसले, "अब्बा, ऑफिसचं काम आहे, मला माझ्या पद्धतीने करू द्या." थोड्या वेळाने त्यांनीच चहा आणून ठेवला. असा चहा घशाखाली उतरतो तरी कसा? उतरला.

२५ जानेवारी

मजकूर दिला. "सुरुवातीच्या काही तांत्रिक अडचणींवर मात करत आमच्या स्लोपने पहिला हिवाळा यशस्वी केला." या एका वाक्यात अब्बा, त्यांची गाडी, फावडी, मालकाचे धरलेले हातपाय – सगळं आलं. म्हणजे काहीच आलं नाही. मशीनच्या कंपनीचं नाव मात्र आहे, देशासकट.

मॅनेजरबाईंनी विचारलं, तो ड्रायव्हर? रहमानभाईच म्हणाले, "नहीं मिला, मॅडम." मला वाचवलं त्यांनी. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

अब्बा आलेच. नको नको म्हटलं तरी. जुम्म्याची नमाज पढून, इस्त्रीचा सदरा घालून, त्यावर रमीजचं जाकीट. दारात रहमानभाईंनी मिठी मारली.

आधी फलकापाशी गेले. इंग्रजी त्यांना येत नाही. अरबी समजत नाही, पण अक्षरं येतात, लहानपणी कुराण शिकलेत ना. फलकावर जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, नाहीत, तरी अडखळत, ओठ हलवत, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत राहिले. लोक मागे खोळंबले. एक जण हसला. मी जाऊन त्यांना ओढलं नाही, थांबवलंही नाही, नुसती तिकीट खिडकीच्या आड उभी राहिले. कुठल्याही ओळीत त्यांचं नाव नव्हतं आणि ते मला आधीच ठाऊक होतं. बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला गेलं. मग पुन्हा वरून एकदा.

वळले तेव्हा हसत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरा केलंस."

नमिता आली. "हे तुझे वडील? नमस्कार काका. तुम्हीपण इथे होता ना? काय करायचात?" अब्बांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मीच बोलले, "कोल्ड स्टोरेज कंपनीत होते."

"व्हय, व्हय," अब्बा म्हणाले.

मग हनियाचा हात धरून बर्फावर गेले. मूठभर उचलून दाबून बघितला. "सुका हाय. आमचा वला असायचा." आणि माझ्याकडे बघून लगेच बर्फ खाली टाकला. हात जाकिटाला पुसला.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आधी त्यांची वाटायची. आज माझी वाटली.

३१ जानेवारी

ठरलं. सांगणार. फलक नवा करायला लावणार, नमितासमोर सांगणार – ते माझे अब्बा, वली नाव त्यांचं, तो बर्फ माशांचाच होता. अब्बांना आत्ता सांगत नाही. नाव छापून आलं की फोटोच पाठवेन.

२ फेब्रुवारी, सोमवार

अब्बांना सकाळी विमानतळावर सोडलं. तिथून थेट कामावर. बाईंकडे जाण्याआधी रहमानभाईंना गाठलं – पहिल्या दिवशीचा अब्बांचा फोटो आहे का तुमच्याकडे? फलकावर लावायचाय.

त्यांनी मोबाइल काढला. बर्फात घोटाभर उभे, हातात फावडं, दात काढून हसतायत. म्हणाले, "ये तो मॅडम ने उस दिन माँगा, तभी मिल गया था. मैंने तेरे अब्बा को फोन किया, खुश होंगे सोचके. उन्होंने ही मना किया. बोले, बोल दे ड्रायव्हर मिला नहीं. बेटी वहाँ ऑफिस में बैठती है. और बोर्ड लगेगा तो मैं खुद आके देखूँगा, कहीं नाम तो नहीं डाल दिया."

अब्बांचं विमान आता समुद्रावर असेल. फोन लागत नाही.