चौऱ्याऐंशीवर अडलेला काटा

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय, आणि तेही स्वतःच्या वजनाबद्दल, म्हणून हसशील. हस. पण शेवटपर्यंत वाच.

गेल्या वर्षी मी एक्क्याण्णव किलो होते. डॉक्टरांनी अठ्ठ्याहत्तरचा आकडा दिला. त्याच्या खाली आल्याशिवाय पुढचं बोलायला येऊ नका, म्हणाले. साखर सोडली, तळलेलं सोडलं, पहिले सात किलो भराभर गेले. मग काटा चौऱ्याऐंशीवर जो बसला, तो नऊ आठवडे ढिम्म हलेना. मी जेवण निम्म्यावर आणलं. काटा तिथंच, मी मात्र गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. एका कोटाला तर दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. एवढ्या वर्षांच्या शिवणकामात असं कधी झालं नव्हतं.

आहारतज्ज्ञ बाई वयानं लहान, पण तोंडानं फटकळ. आता आणखी कमी खाते म्हटल्यावर म्हणाल्या, उपास करून काही होणार नाही, आठवडाभर काय खाता ते नको, काय करता ते लिहून आणा. लिहिलं, आणि वाचून माझी मलाच लाज वाटली. दहा तास मशीनवर बसून. कात्री, दोरा, इस्त्री, सगळं हात लांबवला की मिळेल असं. शिवाय तुझे भावजी आणि लेक जेवून उठले की त्यांच्या ताटातलं उरलंसुरलं मी उभ्या उभ्या तोंडात टाकायची. ते जेवणात धरतच नव्हते. ही खोड लहानपणची. तू अर्धं टाकून खेळायला पळायचास आणि आईनं तुला बोलू नये म्हणून मी संपवायची. शाबासकी तुला, चरबी मला.

मग इस्त्रीचं टेबल माडीवर हलवलं. प्रत्येक कपड्यामागे एक जिना. शिवलेले कपडे मी स्वतः चालत पोचवायला लागले. ज्याचं ताट त्यानं संपवावं, नाहीतर डब्यात झाकून ठेवावं, असं घरात सांगून टाकलं. डाळ, अंडी, भाज्या पोटभर खायला लागले आणि दहाला अंथरुणावर. दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात दोनशे ग्रॅम. भावजी म्हणाले, एवढं तर तुझ्या कात्रीचं वजन असेल. पण काटा सुटला होता. पाच महिने लागले. काल सकाळी सत्त्याहत्तर किलो आठशे ग्रॅम.

कपडे पोचवायच्या वाटेवर लग्नाचा हॉल लागतो. तिथून जाताना पावलं आपोआप भरभर पडतात. तुझ्या लग्नाचा कोट मी शिवला, काजं हातानं केली, आणि बाबांबरोबर पाठवून दिला. मी आले नाही. ती मुलगी आपल्या घराला शोभणार नाही, असं मीच चारचौघांत म्हणाले होते. तू पुन्हा माझ्या दारात आला नाहीस, ते बरोबरच केलंस.

तीच मुलगी गेल्या वर्षी माझ्या दुकानात आली. मी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. तक्रार नाही, रडणं नाही. तुझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, आणि ताईला कळवायचं नाही अशी तू शपथ घातलीयस, एवढं सांगून ती गेली. दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या हॉस्पिटलात जाऊन रक्त तपासून घेतलं. गट जुळला. वजन तेवढं आडवं आलं. आता तेही नाही. पुढच्या तपासण्या आपल्या दोघांच्या मिळून होतात आणि त्याला तुझी सही लागते. मी किडनी देतेय ती माफीच्या बदल्यात नाही. माफी मी वेगळी मागणार आहे, तुझी आणि तिचीही. मंगळवारी सकाळी नऊला मी तुझ्या हॉस्पिटलात बसलेली असेन. नको म्हणायचं असेल तर निरोप पाठवू नकोस. समोर येऊन म्हण.

आलास तरी, न आलास तरी तुझीच,
ताई