पिशवीला कोण विचारतंय

रहिमतपूर,
बुधवार, ११ मार्च

ती. रेश्माताईस,

अंकिताचा नमस्कार. दाजींनाही सांग. पोरांचे गालगुच्चे घे. इकडं सगळं ठीक. ऊन वाढलंय, नळाला दिवसाआड पाणी येतं, आत्यांचा गुडघा दुखतो पण त्या ऐकत नाहीत. (तू तुझ्या सासूला मम्मी म्हणतेस, मी माझ्या सासूला आत्या म्हणते, त्यावरून तू मला अजून चिडवतेस, ठाऊक आहे.) माझं बरं चाललंय. हे वाक्य मी फोनवर रोज म्हणते, म्हणून इथंही लिहून टाकलं.

पत्र कशाला, म्हणशील. फोन येतो तेव्हा आत्या शेजारीच असतात, आणि नसल्या तरी मला बोलताना सुचत नाही. तू विचारतेस आणि मी नुसती हूं हूं करते. शेजारचे भाऊसोकाका उद्या हळद घेऊन सांगलीला मार्केट यार्डात निघालेत, त्यांच्याकडं देते. घरी आणून देतील. चहा पाज त्यांना, बिनसाखरेचा.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, तुमच्या सोसायटीतला ओला कचरा न्यायचं बंद झालंय, तर आमच्याकडं त्याचं काय करतात. दुसरी, पलूसच्या पाहुण्यांना रविवारी मला बघायला बोलवायचं की नाही. तुला हो नाहीतर नाही हवंय, ‘बघू’ चालणार नाही म्हणालीस. पहिल्या गोष्टीचं उत्तर मला येतं, म्हणून ते आधी लिहिते.

तडा गेलेला माठ घे. नसला तर जुनी बादली, बुडाला भोकं पाडून. तळाला नारळाची शेंडी, त्यावर वाळका पाला, मग भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, आणि वर परत पाला. ओलं मूठभर टाकलं की वाळकं त्याच्या दुप्पट, एवढंच गणित. वास आला की समजायचं, ओलं जास्त झालं. मग पाला घालायचा आणि काडीनं हलवायचं. शिजलेलं अन्न टाकू नकोस, उंदीर येतात. तुझ्या सासूबाई नाक मुरडतील. मुरडू देत, पहिलं खत निघालं की त्याच सोसायटीभर सांगत फिरतील.

पाण्याचंही तेच. आमच्या मोरीचं पाणी गटारात जातच नाही, परसात अळूला आणि केळीला जातं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कपडे खळबळलेल्या शेवटच्या पाण्यानं फरशी पुसायची आणि ते पाणी परत केळीला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या घरात पाण्यालासुद्धा बसून खायची सोय नाही.

दुधाची पिशवी कापताना कोपरा तुटता कामा नये, नुसती चीर द्यायची. तो तुकडा उडतो आणि कुठल्यातरी गाईच्या पोटात जातो, असं आत्यांचं म्हणणं. मग पिशवी धुऊन, उलटी करून, दोरीवर चिमटा लावून वाळवायची. आमच्या दोरीवर लुगडी, गाऊन आणि दुधाच्या पिशव्या एका रांगेत असतात. महिनाअखेरीला त्या भंगारवाल्याकडं जातात. घंटागाडी आमच्या दारात थांबतच नाही. आत्या तिला हात हलवून पुढं जा म्हणतात, दारात आलेल्या भिकाऱ्याला म्हणावं तसं.

आणि बाजाराला कापडी पिशवी. ती मी शिवली, जुन्या जीनच्या पँटची. गुडघ्याच्या वरचा भाग घ्यायचा, तिथं कापड जाड राहिलेलं असतं. बुडाला शिलाई दुहेरी. मागचा खिसा उसवायचा नाही, तो वर आला तर सुट्टे पैसे राहतात. पँट कुणाची ते तुला कळलंच असेल. मंडईत भाजीवाली म्हणाली, बेस पिशवी हाय, कुठनं घेतली. मी म्हटलं, घरचीच आहे. मग वांगी घेतली, मेथी घेतली आणि घरी आले. मला काही वाटलं नाही. तीच तर पंचाईत आहे ताई, मला काहीच वाटत नाही.

लोकांना वाटतं मी सावरले. वीरधवल फौजेतून सुट्टीवर आले होते. ड्युटीवर काही झालं असतं तर गावानं चौकात फलक लावला असता, शाळेची पोरं रांगेनं उभी राहिली असती. ते गेले कोरेगावहून येताना, उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून. त्याला कुणी काय म्हणावं. माणसं यायची, चपला काढून बसायची, ट्रॉलीवाल्याला शिव्या द्यायची आणि उठून जायची. मी तेव्हाही रडले नाही. तूच मला दंडाला धरून हलवत होतीस, रड म्हणून. त्याला आता वर्ष होऊन गेलं. सकाळी उठते, पाणी भरते, पिशव्या वाळत घालते. एवढ्या सवयी अंगात भिनल्यात की दिवस माझ्यावाचून पार पडतो. आत्यांनी मला रडायला लावलं नाही, हसायला लावलं नाही, नुसतं कामाला लावलं. त्याचे मी उपकारच मानते.

आता दुसरी गोष्ट.

मला वाटत होतं, पलूसच्या स्थळाचं आत्यांना काही माहीत नाही. तू फोनवर हळू बोलायचीस, मी ‘बघू’ म्हणून विषय बदलायचे. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझा हळू आवाज भिंतीपलीकडं भाऊसोकाकांनाही ऐकू जातो.

सोमवारी समोरच्या सुलाबाई विरजण मागायला आल्या. दारात उभ्या राहून, मी आत आहे हे माहीत असूनही आत्यांना म्हणाल्या, साळूबाई, एवढी तरणीताठी पोर, वाया गेली बघा. आत्यांनी विरजण दिलं, वाटी माघारी आणून द्या म्हणाल्या आणि दार लोटलं. मला राग यायला हवा होता. मी भांडी घासत राहिले.

काल दुपारी आम्ही दोघी जोंधळा निवडत बसलो होतो. आत्या सूप पाखडता पाखडता, वर न बघता म्हणाल्या, “माझ्या घरात काय वाया जात न्हाई. तू तर न्हाईच. रेश्माला कळीव, पावण्यांस्नी यिऊंदे म्हणावं.”

ताई, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, झालं, आपलीपण पाळी आली. साडी फाटली की उशीचा अभ्रा, अभ्रा फाटला की पायपुसणं, पायपुसणं झिजलं की चूल पेटवायला. सून या घरात उपयोगाची राहिली नाही की द्या दुसऱ्या घरी. इतक्या महिन्यांत मी या घरात आवाज चढवला नव्हता, तो चढला. इकडं राहून माझी जीभही इकडचीच झालीय. मी म्हणाले, “मी काय दुधाची पिशवी हाय व्हय, धुऊन परत वापरायला?”

सूप थांबलं. मला वाटलं, आता या रडणार. त्या म्हणाल्या, “न्हाईस. म्हणून तर ईचारलं. पिशवीला कोण ईचारतंय?”

सूप परत हलायला लागलं. मग त्यांनीच सांगितलं. त्यांचे मालक गेले तेव्हा वीरधवल रांगत होते. त्यांचा भाऊ त्यांना न्यायला आला होता, पण सासऱ्यांनी त्याला दारातूनच माघारी पाठवलं, ही इथंच राहणार म्हणून. आत्या आत पोराला भरवत होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण गेलो असतो का, ते त्यांना अजून ठरवता येत नाही. पण विचारायला पाहिजे होतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, राहायचं असलं तर राहा, तू काही मला जड नाहीस. पण सुलाबाईच्या तोंडाला भिऊन राहू नको, आणि माझी कीव करून तर मुळीच नको. हे सगळं त्या सुपातले खडे वेचता वेचता बोलल्या, आणि वेचलेले खडे कुंडीच्या तळाला घालायला बाजूला ठेवले.

मी खूप विचार केला असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. विचार असा काही येतच नाही मला. तू पाठवलेला पलूसच्या अमृतरावांचा फोटो मी इतके दिवस उघडलाच नव्हता, तो उघडला. बरा माणूस दिसतो. कान मोठे आहेत. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. पण फोटो बघता बघता आत्या या घरात एकट्याच चुलीपुढं बसल्यात असं डोळ्यांपुढं आलं आणि मला भीती वाटली. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं ताई, म्हणून तुला मुद्दाम सांगते.

तर उत्तर असं. रविवारी मी सांगलीला येते. अमृतरावांना आणि त्यांच्या आईला आधीच सांगून ठेव की मुलगी फार बोलत नाही, हसत नाही, आणि पोह्यांची बशी देताना लाजायबिजायची नाही. चालत असेल तर या म्हणावं, नसेल तर राग नाही. त्यांचीही बायको गेलेली आहे, त्यांना कदाचित कळेल. आणि आत्या माझ्याबरोबर येतील. आपली आई असती तर जिथं बसली असती तिथं त्या बसतील, हॉलमध्ये पुढं, दाजींच्या शेजारी. मुलीकडच्या म्हणून. तुझ्या मम्मींना ते कसं सांगायचं ते तू बघ.

आत्या तयार नव्हत्या. मी पांढऱ्या कपाळाची, असल्या कामात म्होरं कशाला, आत स्वयंपाकघरात बसते म्हणाल्या. मी म्हटलं, मग माझं कपाळ तरी कुठं रंगीत आहे, दोघीही आत बसू, पाहुणे दाजींनाच बघून जातील. त्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही, पण त्या हसल्या ते मला आवडलं.

हे पत्र खरं तर तुझ्यापुरतंच होतं. पण त्यांनी विचारलं, काय एवढं लिहितेस, तर मी सगळं वाचून दाखवलं, त्यांच्यावर लिहिलंय तेही. कचऱ्याचं बराबर हाय म्हणाल्या, फक्त लिंबाच्या साली बेतानं टाकायला सांग. मग म्हणाल्या, आता माझं लिही, मी सांगते तसंच, तुझं शाळेतलं त्यात घालू नको. म्हणून त्यांच्याच शब्दांत देते.

“रेश्मा, पोरगी आमची हाय. आमी बघू, ईचारू, मग दिऊ. लगीन झालं आन् थितं तिचं मन न्हाई रमलं, तर तिनं सरळ माघारी यायचं, कुणाला ईचारायचं न्हाई. तिची खोली मी भाड्यानं दिनार न्हाई, त्यात जोंधळाबी भरनार न्हाई. वाया गेली तर जाऊंदे.”

एवढं लिहिताना अक्षर बिघडलंय, समजून घे.

तुझी,
आणि साळूबाईंची,
अंकिता