मागच्या झाडाचं पाणी

सोमवार, ३

आले एकदाची स्वतःच्या घरात. बावीस वर्षं भावाकडे मागच्या खोलीत काढली. आता दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागे एक भलंमोठं झाड, सगळं माझं. शिलाईमशीन पुढच्या खिडकीत लावलं. उजेड असा की सुईत दोरा ओवायला चष्मा लागला नाही. सामान उतरवताना दादा म्हणाला, नाहीच जमलं तर खोली तुझीच आहे. ती खोली वहिनीने कालच धान्याच्या डब्यांनी भरलीय, हे काय मला माहीत नाही? त्याला सांगितलं, आता मला इथून कोणी हलवू शकत नाही.

जुन्या मालकीणबाई किल्ली देताना एवढंच म्हणाल्या, की न्हाणीचं पाणी झाडाला जातं, ते तेवढं तोडू नका. मी मान डोलावली. किल्ली हातात पडेपर्यंत माणूस कशालाही मान डोलावतो.

गुरुवार, ६

न्हाणीघर तुंबलं. प्लंबर आला, मिशाळ आणि बोलायला सावकाश. अंगणातल्या चेंबरचं झाकण काढून त्याने पाइपात लांब तार सरकवली आणि मुळांचा झुपका ओढून काढला. बॉबिनमध्ये अडकलेल्या दोऱ्याचा गुंता असतो ना, तसा, फक्त माझ्या हाताएवढा लांब. म्हणाला, पाइपाचा एक जोड कुणीतरी मुद्दाम सैल ठेवलाय, झाडाला प्यायला. मूळ पाण्याच्या मागावर असतं, पाणी जिथे, तिथे ते येणार. जोड बंद करायचाच असेल तर झाडाला रोज दोन बादल्या हाताने घाला, असा वर सल्ला.

बावीस वर्षं वहिनीची मर्जी राखली. आता झाडाचीही राखू? जोड पक्का करून घेतला, वरून सिमेंट. बादल्याबिदल्या काही मिळणार नाहीत.

मंगळवार, ११

पाच दिवस पाणी छान जात होतं. आज न्हाणीच्या जाळीत एक केस दिसला. माझाच समजून ओढला, तर संपेचना. वीतभर आला, हातभर आला, आणि मग मला हिसका बसला. खालूनही ओढलं होतं. कापडाची कात्री आणून कापला. कात्रीला धार मी स्वतः लावते.

गुरुवार, १३

प्लंबरला परत बोलावलं. चेंबरमध्ये वाकून बघितलं त्याने. सिमेंट शाबूत आहे. मुळं पाइपात नाहीत, पाइपाच्या बाहेरून घराखाली शिरलीत. म्हणाला, बाई, पाणी घाला आणि विषय संपवा. हत्यारं गोळा केली आणि चहा न घेताच गेला. त्याची करवत तेवढी मी मागून ठेवली.

भीती वाटते. इथे लिहून टाकते, म्हणजे डोक्यात राहणार नाही. पण आज घाबरून बादली उचलली, तर उद्या ते आणखी मागेल. आधी मशीन हळू चालव, मग दुपारी चालवू नकोस, मग चालवूच नकोस. मागणाऱ्यांची तऱ्हा मला पाठ आहे.

शनिवार, १५

आता सिंकमधूनही मुळं. फरशीच्या सांध्यांतून पांढरी टोकं. सकाळी कापली, जेवेपर्यंत पुन्हा बोटभर. पाण्याचं पिंप तडकलेलं, आत थेंब नाही.

मीही खमकी आहे. बाहेरचा मुख्य नळ बंद केला, टाकी उपसून रस्त्यावर ओतली. घरात एक बादली, एक तांब्या. बघू कोण आधी तहानतं.

दादाचा फोन आला. सगळं झकास आहे म्हटलं.

रविवार, १६, सकाळ

बादली कोरडी. आत मुळं गुंडाळून बसलेली. उरला तांब्या. तो स्वयंपाकघरात टेबलावर घेऊन बसलेय.

दुपार

लिहिता लिहिता घोट्याला वेढा. दोन्ही. करवत सिंकपाशी, कात्री मशीनवर. दार चार पावलांवर, आणि मला —

ओरडले. रस्त्यावर कुणी नाही.

टेबलाच्या पायांवरून वर येतायत. तांब्याकडे. खाली ओतला तर पाय सोडतील बहुतेक. विषय संपेल.

नाही. घर माझं. पाणी माझं.

तांब्या तोंडाला लावला. सगळा प्याले, एका दमात. उपडा करून ठेवला त्यांच्यासमोर. घ्या.

थांबली. टोकं तांब्यात घालून चाचपडतायत — बाहेर आली. घोट्याची पकड सैल होतेय. जिंकले. दादा, भर खुशाल खोलीत डबे, मी —

वळली.

माझ्याकडे. हातावरून — गळ्याशी — ओठांवर काहीतरी बारीक. ओलं शोधतंय.

तोंड घट्ट मिटलंय. मिटलेलंच ठेवीन. पेनही सोडणार नाही. घर माझं आहे, पाणी माझं आहे, पाणी जिथे —