पेवात राहिलेलं तुमचं बोलणं

आण्णा,

काय झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. हरिपूरच्या आपल्या घरामागं जमिनीखाली एका व्यापाऱ्याचं हळद साठवायचं पेव होतं. त्यात ओल शिरली म्हणून हळद काढून घेतली आणि पेव रिकामं पडलं.

२. माझी दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी आणि शेजारची मैत्रीण त्या पेवात बोललो आणि वर फरशी सरकवली. दुसऱ्या दिवशी फरशी काढली तेव्हा आमचं बोलणं आमच्याच आवाजात वर आलं. एकदाच आलं.

३. पुढे एका दुपारी आमच्या बोलण्यामागून तुमचा आवाज आला. त्या सुट्टीत तुम्ही त्या पेवाजवळ गेला नव्हतात.

४. तुम्ही पेव लिंपून बंद केलंत. त्याच वर्षी थंडीत तुम्ही मिरजेच्या दवाखान्यात वारलात.

५. ती जागा आता विकली गेली आहे. येत्या शनिवारी पेव मुरूम टाकून बुजवणार आहेत.

यातलं दुसरं आणि तिसरं मी तुमच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. सातारच्या कारखान्यात माझं काम दाबाची मापकं तपासण्याचं आहे. काटा चुकीचं दाखवत असेल तर का, ते शोधायचं. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते आम्ही लिहीत नाही. म्हणून हे इतकी वर्षं लिहिलं नाही.

तुमचं काम पेवं भरण्याचं आणि उघडण्याचं. वरून एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत खोलीएवढं पोट. पेव उघडलं की तुम्ही ते बराच वेळ तसंच ठेवायचात, मग दोरीनं कंदील सोडायचात. ज्योत तगली तरच माणूस खाली. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कारणही शाळेत शिकवलं होतं. पण बंद करताना तुम्ही जे करायचात त्याचं कारण कुणी शिकवलं नाही. फरशी तोंडावर येऊ लागली की सगळे गप्प. हमालसुद्धा तोंडातली तंबाखू थुंकून ओठ मिटून उभे राहायचे. एकदा एका हमालाला खोकला आला तर तुम्ही फरशी पुन्हा उचलायला लावलीत आणि पेव तासभर उघडं ठेवलंत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "आडात हाक मारली की माघारी येती. पेव ठेवून घेतं."

"आणि मग?"

"मग काय. हळद धा वर्सांनी काढली तरी तशीच निघती न्हवं?"

शेजारची मैत्रीण मूळची विट्याची. तिचे वडील लांबच्या शहरात सोनं गाळायच्या दुकानात, वर्षातून एकदा यायचे. ती आणि तिची आई आपल्या भिंतीला भिंत लागून भाड्यानं राहायच्या. ती माझ्याच वर्गात होती, अभ्यासात माझ्यापेक्षा कमी आणि बाकी सगळ्यात पुढं. तुमचं ते वाक्य मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "चल, बघू या ठेवतंय का." आम्ही दोघींनी पालथं पडून तोंड आत घातलं. तिनं आमच्या गणिताच्या बाईंची नक्कल केली, मी हसले, आणि हसू संपायच्या आत आम्ही फरशी ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फरशी सरकवली. आधी ओल्या मातीचा आणि हळदीचा वास आला. मग गणिताच्या बाई, मग माझं हसणं. ते हसणं मला आवडलं नाही. आपल्याला आतून ऐकू येतं त्याहून ते बारीक होतं, आणि कुणीतरी खाली उभं राहून ते वर सोडतंय असं वाटलं. मैत्रीण म्हणाली, "लय भारी." तिच्या हातावर काटा आला होता. नंतर आम्ही रोज काहीतरी ठेवत गेलो. ती तिच्या वडिलांशी बोलायची. ते परत ऐकताना ती मला लांब जायला सांगायची, आणि मी जायचे.

तुमचा आवाज आला ती दुपार मला नीट आठवते, कारण फरशीला हात लावला तर पोळत होता. तुम्ही मार्केट यार्डात होतात. आमचं कालचं बोलणं संपलं. मी फरशी ओढायला घेतली तोच खालून तुम्ही म्हणालात, "पाय झाक गं माझं. खालनं गार येतंय." एवढंच. मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. "आण्णा कवा आले इथं?" मी म्हटलं, आलेच नाहीत.

संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही हात धुतलेत, पंच्याला पुसलेत आणि विचारलंत, "कुणाला म्हनत हुतो?"

"मला."

"बरं."

मग तुम्ही घमेल्यात माती कालवता. मी आणि मैत्रीण बाजूला उभ्या आहोत. अजून उजेड आहे. तुम्ही एवढंच म्हणता, "परत हिथं बसलेलं दिसू नगा. दोघीबी." फरशी सरकवत तोंडावर आणता आणि आम्ही गप्प होतो, आपोआप. तेव्हा तुम्ही वाकता. राहिलेल्या फटीशी तोंड नेता आणि काहीतरी बोलता. ओठ हलताना दिसतात, शब्द कळत नाहीत. जे दुसऱ्या कुणाला करू दिलं नाहीत ते तुम्ही स्वतः करता, मग फरशी बसवता आणि कडेनं माती लिंपत जाता. काय बोललात ते मी विचारलं नाही. तुमच्या चेहऱ्याकडं बघून विचारण्यासारखं नव्हतं.

थंडीत तुम्हाला मिरजेला नेलं. लोखंडी खाट, खिडकीची काच फुटलेली, तिला पुठ्ठा लावलेला. मैत्रीण आमचा डबा घेऊन दारात आली होती. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "पाय झाक गं माझं. खालनं गार येतंय." मी चादर ओढली. दोन्ही पाय झाकले, टोकं गादीखाली खोचली. मैत्रीण डबा घेऊन तशीच उभी राहिली. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

परवा रविवारी मी हरिपूरला आले होते. मैत्रीण बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, शेजारचं घर आता त्यांचंच आहे. आम्ही पेवापाशी गेलो. माती तडकली आहे, पण फरशी जागेवर आहे. मी टेपरेकॉर्डर फटीशी धरला. कॅसेटवर नुसत्या आमच्या चपला वाजल्या. तिनं कमरेवर हात ठेवून सगळं बघितलं आणि म्हणाली, "सातारला जाऊन लय शहाणी झालीस. फरशी काढ की. तुझ्या आण्णांचं हाय आत, तू ऐकायचं न्हाई तर कुणी? मुरूम ऐकणार?"

"आणि त्यांच्याबरोबर दुसरं काही आलं तर?"

"काय यील?"

"मागच्या वेळी काय आलं होतं?"

 ती पोटावरून पदर नीट करत म्हणाली, "माझी काळजी नगो करू गं. मी कान झाकून घेती."

अडचण हीच आहे. पेव एकट्यानं उघडायचं नाही हा तुमचाच नियम, आणि फरशी एकटीला हलणारही नाही. बाहेरच्या माणसाला बोलावलं तर त्याला काय सांगू? आणि तिच्यासमोर उघडलं, आणि खालून तिचा आवाज आला, जे तिनं अजून बोललेलं नाही असं काही, तर ते मला ऐकायचं नाही. तिला ऐकू द्यायचं तर नाहीच. तिला मी सांगितलं की बंद पेवातली हवा वाईट असते, सातव्या महिन्यात ती जवळ नको. हे खरं आहे. पण तेवढंच कारण नाही. उघडलं नाही तर तुम्ही फटीशी जे बोललात ते शनिवारी मुरमाखाली जाईल, आणि ते माझ्यासाठी होतं की आणखी कुणासाठी, हे मला कधीच कळणार नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि आईला दाखवण्यासारखं ते नाही. तरी विचारते. उघडायचं की राहू द्यायचं, एवढंच सांगा. फक्त पेवातून सांगू नका. तुमचे शब्द मला सगळे आठवतात, पण आवाज मी विसरले आहे. खालून कुणीही बोललं तरी ते तुम्हीच आहात असं मी धरून चालेन.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत कळवा.