गगनराजचा शेवटचा भाग

॥ श्री ॥
पेठ, ता. ९ ऑगस्ट २००५

ती. सौ. ताईस,
कुंडलिकचा सा. न. वि. वि.

इकडं सगळं ठीक. आईचा गुडघा पावसानं कुरकुरतोय, पण त्याच गुडघ्यावर हात ठेवून ती रोज मला बोलते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. वेल्डिंगचं काम पावसामुळं थंडच आहे. तुमच्या आहुप्यात धुकं एवढं की पोस्टमनला शाळा सापडत नाही असं ऐकलं, म्हणून पत्त्याखाली ‘शिक्षिका बाई, धुक्यात डावीकडं’ असं लिहिलंय.

आता कामाचं. परवा गणपती मंडळाची मीटिंग झाली. दरवर्षी आपला तोच कालियामर्दनाचा देखावा, कृष्ण तेवढा नवा. मी उभा राहिलो आणि म्हणालो की यंदा गगनराज करू. तुला आठवतोय ना? आपण शिनोलीला मामांकडं शाळेला व्हतो तेव्हा, ९३ साली, रविवारी सकाळी टीव्हीवर ते जपानी कार्टून लागायचं. डोंगराएवढा लोखंडी गडी, हिंदी बोलायचा, पावसात भिजला की गंजायचा आणि शत्रू मेले नेमके पावसातच यायचे. दहा-बारा रविवार लागलं आणि गेलं.

ताई, अख्ख्या पेठेत एकालाही ते आठवत नाही! आमचे अध्यक्ष बाळासाहेब म्हणाले की आमी तर बुवा असलं काय बघितलंच न्हाई, तुला तापात दिसलं असंल. तरी ठराव पास झाला, कारण कालियाच्या बाजूचे चौघं चहा प्यायला गेले व्हते. आता गावात मलाच गगनराज म्हणतात. पाऊस आला की थांबवून विचारतात, गंजलात का म्हणून.

तर मुद्दा असा की त्याचा रंग कोणता? मला लाल आठवतो.

दुसरं म्हणजे आईनं तिसरं स्थळ आणलंय. नारायणगावजवळचे गेणभाऊ म्हणून द्राक्षबागाईतदार आहेत, त्यांची मुलगी हर्षाली, बी.एस्सी. झालेली. गणपतीत आपलं घर बघायला येणार. तोवर कार्टूनचा ‘क’ काढायचा नाही असं आईनं बजावलंय. मागच्या स्थळाच्या वेळी पोहे संपेपर्यंत मी गगनराजच्या डाव्या हाताबद्दल बोलत व्हतो, हे तिच्या मनातून जात नाही. हात आखूड का हे त्या लोकांनीच विचारलं व्हतं, हे मात्र ती कुणाला सांगत नाही.

माया आहे तशीच राहू दे, आणि रंग कळव.

तुझा,
कुंडलिक


आहुपे, ता. १५ ऑगस्ट २००५

चि. कुंडलिकास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घोडेगावच्या एसटीने आलं, पण अर्धं भिजून. शेवटी ‘रंग कळव’ लिहिलंयस की ‘राग कळव’ हे समजेना, म्हणून दोन्ही कळवते.

राग असा, की चोवीस वर्षांचा घोडा झालास आणि आईला घोर लावतोस. रंग असा, की मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. अरे बाळा, मामांचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता! त्यावर त्यांनी हौसेने निळी काच बसवली होती. बातम्या देणाऱ्या बाईसुद्धा आपल्याला निळ्या दिसायच्या. त्यामुळे माझ्यापुरता गगनराज निळा. तुझा लाल कुठून आला ते तूच जाणे.

आज इथे झेंडावंदन झालं, पण झेंडा धुक्यात गेल्यामुळे मुलांनी दोरीला सलाम केला. आठ दिवस कपडे वाळलेले नाहीत. शेजारच्या बयाबाई रोज माझ्या साड्या चुलीवर धरून देतात, त्यामुळे मी वर्गात शिरले की मुलांना भूक लागते.

स्थळाचं मात्र मनावर घे. लपवाछपवी कर असं मी म्हणणार नाही, पण त्यांना आधी माणूस बघू दे, मग यंत्र.

आईच्या गुडघ्याला निरगुडीचा शेक दे. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
ताई


पेठ, ता. २६ ऑगस्ट २००५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

निळ्या काचेचं वाचून मी दोन दिवस जेवलो न्हाई. म्हणजे जेवलो, पण चव लागली न्हाई. तरी लालच दिला. डबा आणलेला व्हता.

गगनराज चौदा फूट झालाय. छाती डांबराच्या पिंपांची, डोकं पाण्याच्या टाकीचं, डोळे ट्रॅक्टरचे. डावा हात आखूडच ठेवलाय. सुरुवातीला तो जमिनीवर आडवा पडलेला असणार. मग कॅसेट लागणार, आणि पडद्यामागून सहा जण चेनब्लॉकची साखळी ओढून त्याला उभा करणार. काल तालीम घेतली. त्यात बाळासाहेबांची पाठ धरली आणि गगनराज गुडघ्यापर्यंत उठून तसाच राहिला. बाळासाहेब म्हणाले की हा आता प्रार्थना करतोय असं सांगू लोकांना.

कॅसेटवर माझा आवाज आहे आणि गोष्ट सगळी शेवटच्या भागाची, तू सांगितलीस तशी. मला कांजिण्या झाल्या व्हत्या, शिनोलीत लाइट नव्हती, आणि त्याच्या आधीच्या रविवारी गगनराज गंजून चिखलात पडलेला. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तू चालत घोडेगावला मैत्रिणीकडं गेलीस, शेवट बघून आलीस आणि खाटेशी बसून सांगितलास. पडलेल्या गगनराजला गावची पोरं तेल चोळतात, तो उठतो, शत्रूला चंद्रावर भिरकावतो. मग त्याला बनवणाऱ्या शास्त्रज्ञाची म्हातारी आई त्याला हुलग्याची शेंगोळी खाऊ घालते. त्याला पोट नसतं, तरी तो न्हाई म्हणत न्हाई. मग तळ्यात जाऊन झोपतो. ताई, शेंगोळ्यांपाशी रेकॉर्डिंग करताना माझाच आवाज चिरकला. तसंच ठेवलंय.

पाहुणे १० तारखेला शनिवारी येणार. देखाव्याकडं फिरकायचंच नाही असा आईचा बेत आहे. पण मंडप आपल्या दारासमोर आहे, आणि चौदा फूट माणूस आई कशानं झाकणार?

आशीर्वाद जरा जास्तच पाठव.

तुझा,
कुंडलिक


आहुपे, ता. ४ सप्टेंबर २००५

चि. कुंडलिकास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता चौथ्यांदा लिहिते आणि लगेच एसटीत देते, म्हणजे फाडता येणार नाही.

मी शेवटचा भाग पाहिलेला नाही. घोडेगावला गेले हे खरं. मैत्रिणीच्या घरी टीव्ही चालू होता हेही खरं. पण गगनराजच्या वेळेला शेळ्यांना लस कशी टोचावी हा कार्यक्रम चालू होता. मी तो संपेपर्यंत बसले, की शेळ्यांनंतर तरी लागेल. लागला नाही. परतीच्या वाटेवर सारखा तुझा चेहरा दिसत होता, सगळा फोडांनी भरलेला. सोळा वर्षांची होते मी. शिनोली येईपर्यंत चालता चालता शेवट तयार केला. शेंगोळी त्यात का आली ते विचारू नकोस. वाटेत कुणाच्या तरी घरी शिजत होती आणि मला भूक लागली होती.

नंतर सांगेन सांगेन म्हणत बारा वर्षं गेली. जपानी बाई शेंगोळी कशी करेल, हे तू कधीतरी मोठा होऊन विचारशील असं वाटलं होतं. तू काही मोठा झाला नाहीस.

आता लाउडस्पीकरवर अख्ख्या पेठेला माझी थाप ऐकू जाणार. जमलं तर कॅसेट बदल. रागावलास तर रागाव, पण लिही.

तुझी अपराधी,
ताई


पेठ, ता. १२ सप्टेंबर २००५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी सकाळी मिळालं. वाचलं आणि पायरीवर बसलो. लई राग आला. तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली, म्हणून राग खिशात घालून पुढं गेलो.

गेणभाऊ म्हणजे काठीसारखा ताठ माणूस. हसत न्हाईत. सोबत त्यांच्या मंडळी, आणि गणपती बघायच्या निमित्तानं हर्षालीही आलेली. आईनं त्यांना मागच्या दारानं आत घेतलं. कारण विचारल्यावर म्हणाली की पुढच्या दाराला मुंग्या झाल्यात. पोहे झाले, घर बघून झालं, मी हूं का चूं केलं न्हाई. आईच्या चेहऱ्यावर जरा रंग यायला लागला, आणि बाहेर मंडळाच्या सोमाजीनं कॅसेट लावली.

गेणभाऊंनी बशी खाली ठेवली. हा आवाज कुणाचा, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली की शेजाऱ्यांचा. तोवर ते उठून थेट पुढच्या दारानं बाहेर, मुंग्या असतील नसतील तशा तुडवत. मंडपात जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की ह्यो लाल कुणी केला? गगनराज राणी कलरचा व्हता.

ताई, राणी कलर! त्यांच्याकडं ९३ साली कलर टीव्ही व्हता. त्या वर्षी ते गोठ्याच्या पत्र्यावरून पडले आणि तीन महिने पाय प्लॅस्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले व्हते की बहुतेक चालता येणार न्हाई. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी गगनराजचा एकूण एक भाग बघितला. तो गडी दर रविवारी पडायचा आणि दर रविवारी उठायचा, म्हणून आपणही सोमवारी भिंतीला धरून उठून बघायचो, असं त्यांनी सांगितलं. मग एका रविवारी तो चिखलात पडला, आणि पुढच्या रविवारी लागल्या शेळ्या. त्यांनी टीव्हीवाल्यांना चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर न्हाई. तो उठला का न्हाई, हे बारा वर्षं त्यांना माहीत नव्हतं.

आणि तेवढ्यात माझा आवाज स्पीकरवर म्हणाला की पोरांनी तेल चोळलं. साखळी ओढायला सुरुवात झाली. बाळासाहेब पाठीमुळं घरी, त्यामुळं पाचच जण. गगनराज कमरेपर्यंत आला आणि अडकला. गेणभाऊंनी चपला काढल्या, पडद्यामागं गेले आणि साखळीला हात घातला. गडी उठला, चांगला उठला, एवढा उठला की डोकं मंडपाच्या कापडात घुसलं आणि आख्खं छत घेऊन उभा राहिला. आई कापडाखाली सापडली. आतून ती ओरडत व्हती की मुलगा तसा गुणाचा आहे.

गेणभाऊंनी कॅसेट चार वेळा लावायला लावली. शेंगोळ्यांपाशी उपरण्यानं डोळे पुसले. बाळासाहेबांचा भाऊ म्हणाला की जपानात शेंगोळी कुठली, तर ते म्हणाले की हुलगा सगळीकडं पिकतो. तुझं पत्र माझ्या खिशातच व्हतं. मी न्हाई काढलं. राग कुठं गेला ते कळलं न्हाई.

काल मंचरवरून राणी कलरचे तीन डबे आणले. आता तो नवरीच्या मामासारखा दिसतो. गेणभाऊंचा होकार आलाय. हर्षालीनं मात्र विचार करायला वेळ मागितला आहे.

तू काही बोलू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
कुंडलिक


आहुपे, ता. १८ सप्टेंबर २००५

चि. कुंडलिकास,
अनेक आशीर्वाद.

वाचून हसले, आणि मग फार वेळ हसू आलं नाही. तुझ्यासाठी केलेली थाप वेगळी. तू माझा भाऊ आहेस, मला माफ करशीलच. पण त्या भल्या माणसाला फसवून आपण त्यांची मुलगी आणायची, हे मला पटत नाही. मुलीने वेळ मागितलाय, म्हणजे तिला काहीतरी खटकलंय. मी हर्षालीला सरळ पत्र लिहून सगळं सांगितलं आहे. याच एसटीने ते जाईल. लग्न मोडलं तर दोष माझा. तू मला वाटेल ते बोल, पण आईला बोलू देऊ नकोस, तिचं मला सहन होत नाही.

तुझी,
ताई


नारायणगाव, ता. २ ऑक्टोबर २००५

सौ. उज्ज्वलाताई यांना,
हर्षालीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आपली भेट नाही, तरी मोकळं लिहिते.

तुम्ही न सांगताही मला कळलं होतं. मी दहा वर्षांची असताना घरात रविवारी सकाळी भांडं वाजवायची बंदी होती. त्या यंत्राचा मला फार राग होता. पण तेव्हा त्याच्याकडे बघितलंय मी. तो जेवायला बसणाऱ्यांतला नव्हता. कॅसेट ऐकताना शेंगोळी आली, तेव्हा मी तुमच्या भावाकडे बघितलं. ते इतके मनापासून ऐकत होते, स्वतःचाच आवाज! हा माणूस एकतर फार भोळा आहे किंवा फार लबाड, हे ठरवायला मी वेळ मागितला होता. तुमच्या पत्राने ते काम झालं. माझा होकार तुमच्या आईंना आजच कळवला आहे. अट एकच, ते यंत्र घरात येणार नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते आधीच मागून घेतलंय, आमच्या द्राक्षबागेत उभं करायला.

दादांना मी सगळं सांगितलं. तुमचं पत्रच वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले की पोरगी शिनोलीपर्यंत चालत आली ना, मग तोच शेवट खरा. टीव्हीवाल्यांनी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत. वर म्हणाले की तिला विचार, शत्रूला चंद्रावर भिरकावलं ते ठीक, पण त्याची एक लहान मुलगी होती, तिचं पुढं काय झालं?

तेव्हापासून रोज विचारतात. काल मी वैतागून सांगितलं की ती मोठी झाली, बी.एस्सी. झाली. तर म्हणाले की तुला जमत नाही, ताईंनाच लिही.

साखरपुड्याला नक्की या. पण त्याच्या आधी, ताई, त्या मुलीचं काय झालं ते चार ओळींत तरी लिहून पाठवा. दादा वाट बघतायत. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

तुमची होणारी भावजय,
हर्षाली