तुझ्या भागाची भिंत

प्रिय छोट्या,

परवा निघताना पॅसेजमध्ये बूट घालता घालता तू भिंतीकडे बघितलंस आणि विचारलंस, "माझा भाग कुणाला विचारून रंगवलास?" तू जरा थांबलास, मग बॅग उचलून गेलास. आई गेल्यापासूनच्या सहा दिवसांत तू मला विचारलेला हा दुसरा प्रश्न. पहिला आल्या आल्या विचारला होतास, "मला आधी का नाही कळवलंस?" दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते मला तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. माझी लिहिण्याची सवय हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यातली. जे झालं ते, झालं त्या क्रमानं. तसंच लिहिते.

बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा पुढच्या दोन खोल्या आईला आणि मला आल्या, मागच्या दोन तुला. पॅसेज दोघांचा. बाहेरच्या दारापासून बटणांच्या बोर्डापर्यंत आमचा, तिथून पुढे तुझा. सात वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी तू न विचारता तुझ्या भागाला नवा रंग दिलास. कार्डावर तो बिस्किटीच होता, बाबांनी लावलेलाही बिस्किटीच, पण कंपन्या दोन. वाळल्यावर बोर्डाच्या कडेनं छतापासून फरशीपर्यंत रेघ उमटली. इकडचा पिवळट, तिकडचा राखाडी. जेवताना मी म्हणाले, "वेगळंच व्हायचं होतं तर सरळ मध्ये भिंत घालायची होतीस." तू म्हणालास, "माझ्या भागाला हात लावायचा नाही." भांडण रंगाचं नव्हतं. पुढची खोली तुला हवी होती आणि मी ती सोडली नव्हती. महिन्याभरात तू खोल्यांना कुलूप लावून गेलास.

रेघ राहिली. आई येता-जाता तिच्याकडे बघायची. पुढे तिचे मोतीबिंदू वाढले. ऑपरेशनला ती भ्यायची, "चाललंय तसं चालू दे" म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तर तिला उजेड आणि सावली एवढंच कळायला लागलं. मग ती दर दोन दिवसांनी विचारायची, "ती रेघ आहे का ग अजून?" मी "आहे" म्हणायचे आणि तिचा चेहरा उतरायचा. एकदा ती चार दिवस मावशीकडे राहून आली. आल्याबरोबर तोच प्रश्न. मी सांगून टाकलं, छोट्या येऊन गेला, त्यानं सगळी भिंत एकसारखी करून घेतली, तू नव्हतीस म्हणून भेट झाली नाही. ती "बरं झालं" म्हणाली. पुन्हा कधी तिनं रेघेचं नाव काढलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. रोज दुपारी ती भिंतीला हात लावत पॅसेजमधून चालायची आणि बोर्डापाशी थांबायची. मला वाटायचं, तिला दम लागतो.

मग महिन्याभरापूर्वी ती अचानक ऑपरेशनला तयार झाली. तारीख मिळाली, दहा दिवसांनंतरची. त्या दिवशी बसमधून येताना मी दिवस मोजले. दहा दिवसांनी आईला दिसायला लागणार होतं, आणि घरात शिरल्याबरोबर तिला पहिली दिसणार होती ती रेघ.

तुझ्या भागाला हात लावायचा नाही, म्हणून आमचा भाग तुझ्यासारखा करायचा असं मी ठरवलं. बोर्डाखालचा तुझ्या रंगाचा नखाएवढा पोपडा काढून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातला आणि दुकानात नेला. तुझ्या कंपनीनं ती शेड बंद केली होती. दुकानातल्या बाईंनी पोपडा मशीनखाली धरला आणि दुसऱ्या कंपनीचा डबा काढून दिला. "डिट्टो," म्हणाल्या. ओला असताना डिट्टोच होता. सकाळी वाळल्यावर बघितलं तर गुलाबीकडे झुकलेला. तिसऱ्या कंपनीचा आणला. तो ट्यूबलाइटमध्ये जुळायचा आणि दार उघडून ऊन आलं की हिरवट दिसायचा. कामाला बोलावलेले रंगारीकाका हातात ब्रश घेऊन हसले. "बाई, बिस्किटी हा रंग नाही, तो आजार आहे. पांढऱ्यात थोडं पिवळं, थोडं तांबडं, थोडं काळं. आणि प्रत्येक कंपनीचं 'थोडं' वेगळं." मला हसू आलं नाही. सहा दिवस गेले होते.

हे सगळं आईपासून लपवून चाललं होतं. तिला वास यायचा. मी म्हणाले, शेजारी काम काढलंय. ती म्हणाली, "शेजाऱ्यांचं बरेच दिवस चाललंय." एका दुपारी मी स्वयंपाकघरात असताना ती तिच्या वेळेला पॅसेजमध्ये आली. ओल्या भिंतीपासून तिचा तळवा चार बोटांवर होता तेव्हा मी तिचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं गेलं. "पाणी सांडलंय, घसरशील," मी म्हणाले. तिनं पाय जागच्या जागी फिरवून बघितला. फरशी कोरडी होती. मग ती खोलीत गेली.

सातव्या दिवशी काकांनी ब्रश ठेवून दिला. ते म्हणाले, "अर्धी भिंत कधीच जुळणार नाही. एकाच डब्यातून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवा. जोडावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, पॉलिशपेपर मारतो, रंगाचे दोन हात देतो. देवालासुद्धा रेघ सापडणार नाही." मी त्यांना सांगितलं की पुढचा भाग माझ्या भावाचा आहे. ते म्हणाले, "मग विचारा त्याला." मी आत गेले, फोन हातात घेतला, पाच मिनिटं उभी राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "विचारलं. हो म्हणाला." तुझ्या निघतानाच्या प्रश्नाचं उत्तर हे. कुणालाच विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली. दारातच थांबून तिनं सगळा पॅसेज बघितला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "किती वाळलीस ग." भिंतीबद्दल काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. दुपारी ती सवयीनं भिंतीला तळवा लावून चालायला लागली. बोर्डापाशी हात मागे नेला, पुन्हा पुढे नेला. आता डोळ्यांनी दिसत असूनही तिनं डोळे मिटून घेतले आणि पुन्हा हात फिरवला. मग म्हणाली, "आता त्याचं कुठून सुरू होतं?" मी विचारलं, "कुणाचं?" ती म्हणाली, "छोट्याचं. इथपर्यंत आपलं खरबरीत असायचं आणि इथून त्याचं गुळगुळीत. मी रोज तेवढं लावून परत जायचे." मावशीकडून आली त्या दिवशीच तिनं हात लावून बघितलं होतं. तीन वर्षं तिला माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू इतकं जुळवून सांगितलंस, कशाला मोडू?"

दुसऱ्या दिवशी मी काकांचा उरलेला पॉलिशपेपर घेतला आणि बोर्डाखाली, जिथं जोड होता तिथं, रंग घासून खरबरीत केला. आई शेजारी उभी राहून सांगत होती. "अजून खाली घास. मी काही तुझ्याएवढी उंच नाही." परवा तुला तो डाग दिसला असेल आणि रंगाऱ्याचं काम कच्चं वाटलं असेल. ते काम माझं आहे. घरी आल्यापासून पुढचे सगळे दिवस ती दुपारी तिथं जाऊन उभी राहायची.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. भिंत घासली त्याच संध्याकाळी आई मला म्हणाली, "बोलाव त्याला. मला आता दिसतंय तोवर बघू दे." मी हो म्हणाले. चार दिवसांनी तिनं विचारलं, "कळवलंस?" मी म्हणाले, "कळवलं, रविवारी येतोय." मी कळवलं नव्हतं. रोज तुझं नाव काढून फोन ठेवून देत होते. आधी ऑपरेशनचं सांगावं लागलं असतं, मग भिंतीचं, मग त्या जुन्या खोट्याचं. आणि खरं लिहायचं तर पहिला फोन तू करावास म्हणून मी सात वर्षं अडून बसले होते. वाटलं, शनिवारी करू. शनिवारी सकाळी आईनं मला तुझ्या खोलीची किल्ली शोधायला लावली, उशीचा अभ्रा बदलून घेतला. दुपारी बोर्डापाशी उभी राहून बाहेरच्या दाराकडे बघत राहिली आणि चारच्या सुमाराला खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. रेघेचं खोटं तिनं हात लावून ओळखलं होतं. हे खोटं तिला ओळखता आलं नाही, छोट्या. ती खरंच वाट बघत होती. त्यानंतर मी तुला फोन केला आणि तू रात्रभर प्रवास करून आलास. मी दार उघडलं तेव्हा रविवार होता.

तुझीच,
ताई