देवीपुढचा लाल बल्ब

भागीरथी,

तू बाजारातून येशील तेव्हा मी वागळे इस्टेटला कामावर असेन. मोरीतल्या ट्रेमध्ये केमिकल आहे, पोरांना हात लावू देऊ नको. खिडकीवरची गोधडी संध्याकाळी मी काढतो.

एकवीरेपुढचा लाल बल्ब काढला म्हणून तू अबोला धरलास. पण फोटोच्या कागदाला साधा उजेड चालत नाही, आणि घरात लाल बल्ब तो एकच. आता परत लावलाय.

तुझ्या आयेच्या वर्षश्राद्धाला मांडायला फोटो नाही, म्हणून आपल्या लग्नातल्या ग्रुपची निगेटिव्ह लावली. त्यात आय कडेला, नखाएवढी. फोटो मोठा करायच्या मशीनने तिचं तोंड तेवढं मोठं करून कागदावर पाडलं. तो कोराच दिसणारा कागद केमिकलमध्ये सोडला, तर आधी कपाळावरचं कुंकू वर आलं, मग डोळे. नुसत्या पांढऱ्यातून. माझे हात आपोआप जोडले गेले, केमिकलचेच.

फोटो मोरीत दोरीवर वाळतोय. आय समोर का बघत नाही, असं तुला वाटेल. मलाही वाटलं, म्हणून ग्रुप पुन्हा बघितला. सगळं वऱ्हाड कॅमेऱ्याकडे बघतंय. आय एकटी तुझ्याकडे बघतेय.

गोमाजी